नजरेची करामत आणि हॉथॉर्नची दंतकथा

व्यवस्थापनाच्या वर्गात हॉथॉर्नची गोष्ट अजूनही भक्तिभावाने सांगितली जाते. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या या कारखान्यात १९२४ ते १९२७ या काळात उजेड वाढवला तेव्हा उत्पादन वाढले, कमी केला तरी वाढलेच. म्हणजे कामगार दिव्यांना नव्हे, आपल्याकडे कुणीतरी लक्ष देते आहे याला दाद देत होते! गोष्ट सुरेख, पुरावा लंगडा. हरवली असे समजले गेलेले मूळ आकडे हुडकून स्टीव्हन लेविट आणि जॉन लिस्ट या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये ते पुन्हा तपासले. दिवे बदलले जात रविवारी, सुट्टीच्या दिवशी. त्यामुळे तुलना व्हायची शनिवारच्या आणि सोमवारच्या कामाची. आणि सोमवारी काम जास्तच होई, दिव्यांना कुणी हात लावलेला नसला तरी. पुढे रिले जोडणाऱ्या पाचजणींवर गाजलेला प्रयोग झाला, त्यात मजुरी त्या छोट्या गटाच्याच उत्पादनाशी बांधली होती; शिवाय फार बोलतात म्हणून १९२८ मध्ये दोघींना काढून त्यांच्या जागी अधिक चपळ दोघी आणल्या. एवढे सगळे केल्यावर श्रेय निरीक्षकाच्या नजरेला कसे द्यायचे?

मग नजरेचा परिणाम म्हणजे थोतांडच का? तसेही नाही. टोरांटोतल्या एका रुग्णालयात हात स्वच्छ करण्याची नोंद इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठेवत होती. तपासनीस नजरेच्या टप्प्यात असताना हे प्रमाण सुमारे तिप्पट होई, असे २०१४ च्या अभ्यासात दिसले. यावर कुणी म्हणेल, मग कॅमेरे लावा, कायम पाहत राहा. पण हार्वर्डच्या ईथन बर्नस्टाइनने चीनमधल्या मोबाइल कारखान्यात उलटे पाहिले. तिथल्या कामगारांकडे काम लवकर उरकण्याच्या स्वतःच्या क्लृप्त्या होत्या. साहेब दिसला की त्या गुंडाळून सगळे नियमाबरहुकूम चाले. काही रांगांभोवती नुसता पडदा लावला, तर उत्पादन १० ते १५ टक्क्यांनी वाढले. दोन्ही निष्कर्षांत विरोध नाही. पाहणाऱ्याला जे हवे असेल असे वाटते, ते माणूस दाखवतो: कुठे स्वच्छ हात, कुठे निमूट शिस्त. म्हणूनच ‘हॉथॉर्न परिणाम’ एवढे म्हणून संशोधकाने सुटका करून घेऊ नये. कोण पाहत होते, पाहिले जाणाऱ्यांना ते ठाऊक होते का आणि त्यांचे काय पणाला लागले होते, हे सांगितल्याशिवाय आकड्यांवर विसंबण्यात अर्थ नाही.