विश्लेषण : गॅलरीत पाण्याची टाकी ठेवणे धोक्याचे का? काय सांगते बीमचे गणित?

उन्हाळ्यात पाणीकपात सुरू झाली की अनेक इमारतींच्या गॅलरीत एखादी नवी टाकी दिसू लागते. आमच्याही घरी ती आली होती, 500 लिटरची. मी तेव्हा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि ‘स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स’मध्ये केटी लागू नये, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती. बीमवर भार किती, त्याने स्ट्रेस किती, ही गणिते वहीत रोज सुटत होती. त्यातलेच एक गणित आपल्या गॅलरीत उभे आहे, हे कळायला मात्र परीक्षा संपावी लागली.

वजन तेच, मग फरक कशाने?

एक लाकडी फळी घ्या. दोन्ही टोकांना आधार, मधले अंतर 2 मीटर. मधोमध 70 किलोचा माणूस उभा आहे, म्हणजे सुमारे 700 न्यूटन भार. फळीला वाकवणारा जोर, अर्थात बेंडिंग मोमेंट, इथे भार गुणिले लांबी भागिले 4 इतका असतो. उत्तर 350 न्यूटन-मीटर.

आता तीच फळी एका बाजूने भिंतीत घट्ट बसवा आणि दुसरे टोक मोकळे सोडा. याला म्हणतात कँटिलिव्हर. तोच माणूस मोकळ्या टोकावर गेला, तर 4 ने भागणे संपले. मोमेंट थेट 1,400 न्यूटन-मीटर, म्हणजे चौपट. माणसाचे वजन एक ग्रॅमनेही वाढलेले नाही. पहिले सूत्र पाठ असते म्हणून ते दिसेल त्या बीमला लावायचे, ही आमच्या वर्गातली सर्वांत लोकप्रिय चूक होती. आधार कुठे आहेत हे आधी पाहायचे, सूत्र त्यानंतर.

स्ट्रेस कसा काढतात?

मोमेंट कळला तरी फळी टिकेल की नाही, ते तिच्या आकारावर ठरते. त्यासाठी रुंदी गुणिले जाडीचा वर्ग भागिले 6 असा एक आकडा काढतात. त्याचे नाव सेक्शन मॉड्युलस. मोमेंटला त्याने भागले की सर्वाधिक स्ट्रेस मिळतो.

दोन आधारांवरची आपली फळी 200 मिलिमीटर रुंद आणि 40 मिलिमीटर जाड आहे असे धरू. सेक्शन मॉड्युलस आला 53,333 घनमिलिमीटर. आता 350 ला त्याने भागायचे का? मी भागले होते. उत्तर 0.0066 आले आणि त्याखाली मी दोन रेघाही मारल्या होत्या. मोमेंट मीटरमध्ये आणि फळी मिलिमीटरमध्ये ठेवल्याचा तो परिणाम. आधी 350 चे 3,50,000 न्यूटन-मिलिमीटर करायचे, मग खरे उत्तर मिळते : दर चौरस मिलिमीटरला सुमारे 6.6 न्यूटन.

हीच फळी आडवी न ठेवता कडेवर उभी केली, तर जाडी 200 आणि रुंदी 40 होते. स्ट्रेस 1.3 वर येतो, म्हणजे पाचपट कमी. लाकूड तेवढेच! प्लॅस्टिकची पट्टी आडवी धरून आणि मग कडेवर धरून वाकवून पाहा, लगेच लक्षात येईल. घरातले बीम रुंदीपेक्षा खोलीला जास्त असतात, ते याच कारणाने.

हे गणित अवघड वाटत असेल, तर गॅलिलिओची आठवण ठेवा. 1638 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने भिंतीत रोवलेल्या तुळईचा हिशेब मांडला. खोलीच्या वर्गाचा संबंध त्याने बरोबर ओळखला, पण 6 च्या जागी त्याच्या पद्धतीत 2 येतात. म्हणजे तुळईची ताकद तिप्पट धरली गेली. वाकताना बीमची एक बाजू ताणली जाते आणि दुसरी दाबली जाते, हे त्याच्या हिशेबात नव्हते.

गॅलरीला हे कसे लागू होते?

गॅलरी बहुधा कँटिलिव्हरच असते. काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताण मात्र त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकाच. म्हणून जिथे ताण येतो तिथे सळया घालतात. खोलीचा स्लॅब मधोमध खाली वाकतो, त्याची खालची बाजू ताणली जाते, तिथे सळया खाली. गॅलरीत उलटे. बाहेरची कड खाली झुकते, वरची बाजू ताणली जाते, म्हणून मुख्य सळया वर हव्यात. काँक्रीट ओतताना कामगारांच्या पायाखाली ही जाळी दबून खाली गेली, तर सळया नकाशात असतात, कामाच्या जागी नसतात. बाहेरून ते दिसत नाही. भिंतीलगतची भेगही फरशीखाली लपते.

आता टाकीचा हिशेब. भारतीय मानक 875 च्या दुसऱ्या भागानुसार घराच्या गॅलरीसाठी वापराचा भार दर चौरस मीटरला 3 किलोन्यूटन धरतात, म्हणजे ढोबळमानाने 300 किलो. गॅलरी 1.2 मीटर बाहेर आलेली असेल, तर एक मीटर रुंदीच्या पट्ट्यात या भाराचा भिंतीजवळचा मोमेंट 2.16 किलोन्यूटन-मीटर होतो. भरलेली 500 लिटरची टाकी म्हणजे 5 किलोन्यूटन. व्यास 90 सेंटिमीटर धरला आणि ती कठड्याला टेकवली, तर मोमेंट 3.75. भिंतीला टेकवली, तर 2.25. केवळ 30 सेंटिमीटर सरकवण्याचा हा फरक, आणि भिंतीला टेकवूनही आकडा मर्यादेच्या वरच राहतो. कपडे, कुंड्या आणि माणसे अजून मोजलेलीच नाहीत.

याचा अर्थ टाकी भरली की गॅलरी कोसळेल, असा नाही. भार शेजारच्या भागातही पसरतो आणि डिझाइन करताना भार दीडपट धरलेला असतो. पण ही राखीव ताकद बांधकामातल्या उणिवांसाठी असते. ओल झिरपून सळया गंजल्या की तीही घटत जाते. मुंबईत 30 वर्षांहून जुन्या इमारतींना संरचनात्मक स्थैर्याचे प्रमाणपत्र बंधनकारक आहे, ते यामुळेच. त्या तपासणीसाठी अभियंता घरी आला, तर गॅलरीतली टाकी, नंतर बसवलेली जाड फरशी आणि बंद करून घेतलेला कठडा त्याला आवर्जून दाखवा. मूळ नकाशात यातले काहीच नसते.

आमची टाकी आता न्हाणीघरात आहे, 200 लिटरची. आई अजूनही म्हणते, पाणी पुरत नाही.