परतीचा पत्ता कुणाचा? व्हर्च्युअल मशीनच्या पोटातलं व्हर्च्युअल मशीन

(कर्जत, जि. अहिल्यानगर इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



महाराष्ट्रात कर्जत नावाचे दोन तालुके आहेत. एक रायगड जिल्ह्यातला, तिथे मुंबईची लोकल जाते. पिनकोड ४१०२०१. दुसरा हा आपला, ४१४४०२. पाकिटावर नुसतं 'कर्जत' लिहून पेटीत टाकलं, तर पत्र कुठल्या कर्जतला जाईल याचा भरवसा नाही. पत्ता चुकीचा नाही, पण अपुरा आहे. आजचा सगळा विषय या अपुऱ्या पत्त्याचा आहे. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आधी उजळणी करू. प्रोसेसर एखादा प्रोग्रॅम चालवत असतो आणि मध्येच काही घडतं. नेटवर्क कार्डाने हाक मारली, प्रोग्रॅमने कर्नलकडे काही मागितलं, किंवा नसलेल्या मेमरीला हात लावला. याला एक्सेप्शन म्हणतात. आर्म प्रोसेसरवर अधिकाराच्या पातळ्या आहेत: ईएल०वर आपले साधे प्रोग्रॅम, ईएल१वर ऑपरेटिंग सिस्टिमचं कर्नल, ईएल२वर हायपरव्हायझर, आणि ईएल३ सगळ्यात वर. एक्सेप्शन आलं की प्रोसेसर वरच्या पातळीवर उडी मारतो. पण उडी मारण्याआधी दोन चिठ्ठ्या लिहून ठेवतो. पहिली ईएलआर नावाच्या रजिस्टरमध्ये: 'परत कुठे जायचं'. दुसरी एसपीएसआरमध्ये: 'परत जाताना कुठल्या पातळीवर, कुठल्या अवस्थेत असायचं'.

काम झालं की कर्नल 'ईरेट' ही एकच सूचना देतं. प्रोसेसर दोन्ही चिठ्ठ्या एकदम वाचतो, पत्ता आणि पातळी एकाच वेळी बदलतो. एकाच वेळी का? कल्पना करा, आधी उडी मारली आणि पातळी नंतर उतरवली. मधल्या त्या क्षणी साधा प्रोग्रॅम कर्नलच्या अधिकाराने चालेल. म्हणजे चोराच्या हाती किल्ली. म्हणून ईरेट अखंड आहे.

इथपर्यंत सोपं आहे. आता त्यावर एक मजला चढवू.

तुम्ही क्लाउडवर एक मशीन भाड्याने घेतलं. ते खरं मशीन नसतं, व्हर्च्युअल असतं. खाली कंपनीचा हायपरव्हायझर चालतो, त्याला आपण एल० म्हणू. तुमच्या मशीनमध्ये तुम्हाला स्वतःचा हायपरव्हायझर चालवायचा आहे, समजा विद्यार्थ्यांना प्रयोगासाठी छोटी मशीन द्यायची आहेत. तुमचा हायपरव्हायझर म्हणजे एल१, आणि त्याच्या पोटातलं विद्यार्थ्याचं मशीन म्हणजे एल२. याला नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन म्हणतात.

अडचण अशी, की ईएल२ ही खुर्ची एकच आहे आणि तिच्यावर एल० बसलाय. एल१ला वाटतं आपण ईएल२वर आहोत, पण प्रत्यक्षात त्याला ईएल१वर बसवलेलं असतं. यात्रेत तमाशाचा फड येतो तेव्हा वगातला राजा बघा. मुकुट आहे, तलवार आहे, 'प्रधानजी' म्हणून हुकूम सोडतो. पण फड चालवणारा वेगळाच असतो. राजाचा हुकूम वगाच्या आत खरा ठरायला हवा आणि वगाच्या बाहेर अजिबात लागू होता कामा नये. एल०ला नेमकं हेच सांभाळायचं असतं.

आता हा राजा, म्हणजे एल१, ईरेट देतो. त्याच्या मनात आहे: 'एल२चं काम झालं, त्याला परत पाठवतो.' सुरुवातीच्या आर्म व्ही८मध्ये काय व्हायचं? ईएल१वरून दिलेला ईरेट प्रोसेसर गुपचूप पार पाडायचा, तोही ईएल१च्या चिठ्ठ्या वाचून. एल१च्या मनातल्या चिठ्ठ्या ईएल२च्या, वाचल्या गेल्या भलत्याच, आणि एल०ला पत्ताही नाही. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी नेमका हा धोका मांडला होता: अधिकाराशी संबंध असलेली प्रत्येक सूचना खालच्या पातळीवरून दिली तर ती अडवली गेली पाहिजे. नाहीतर व्हर्च्युअलायझेशन नीट होत नाही. मग आर्म व्ही८.३मध्ये त्यासाठी सोय आली. एल०ने एक बिट लावला, की एल१चा ईरेट अडतो आणि थेट एल०कडे येतो. एल१ने 'मी कुठल्या पातळीवर आहे?' असं विचारलं, तर प्रोसेसर 'ईएल२' असंच उत्तर देतो. मुकुट तसाच राहतो.

ईरेट एल०च्या हातात आला. आता त्याने काय करायचं? एकेक पायरी बघू.

पहिली पायरी, हा ईरेट कुणाचा? कदाचित एल२ स्वतःही हायपरव्हायझर असेल आणि त्याचा ईरेट अडवायला एल१ने सांगितलं असेल. तसं असेल तर एल०ने त्यात पडायचं नाही. ते प्रकरण एल१कडे सोपवायचं.

दुसरी, चिठ्ठीवर लिहिलेली पातळी वैध आहे का? ही चिठ्ठी एल१ने लिहिली आहे आणि एल१वर विश्वास ठेवायचं काही कारण नाही. त्याने 'ईएल३वर जायचंय' असं लिहिलं तर? खऱ्या प्रोसेसरवर अशा वेळी पातळी बदलत नाही. 'बेकायदा अवस्था' असा झेंडा लागतो आणि पुढच्याच सूचनेला एक्सेप्शन येतं. एल०ने हुबेहूब तसंच वागायचं, मेहेरबानी नको आणि जास्तीची शिक्षाही नको. शिवाय चिठ्ठीवर 'ईएल२' असेल, तर खऱ्या प्रोसेसरला ते 'ईएल१' करूनच द्यायचं. हे एक भाषांतर विसरलं तर भाडेकरू घरमालकाच्या खुर्चीत बसतो.

तिसरी, पत्ता खरा आहे का? व्ही८.३पासून पत्त्यावर गुप्त सही करता येते आणि ती तपासून परतणारे ईरेटचे दोन प्रकार आहेत. ईरेट अडवला म्हणजे ती तपासणीही प्रोसेसरने केलेली नसते. ती एल०ला स्वतः करावी लागते. टाळली तर एल१ने लावलेलं कुलूप नुसतं दिसायला उरतं.

चौथी पायरी सगळ्यात जड. आता आपलं कर्जत आठवा. चिठ्ठीवरचा पत्ता म्हणजे नुसता आकडा. तोच आकडा एल१च्या मेमरीत एका जागी असतो आणि एल२च्या मेमरीत भलत्याच जागी. पिनकोडचं काम इथे पेज टेबल करतं. एल१ने एल२साठी केलेलं टेबल थेट वापरता येत नाही, कारण एल१ला जी 'खरी' मेमरी वाटते तीसुद्धा एल०ने दिलेली आभासी आहे. म्हणून एल० दोन्ही टेबलं जोडून तिसरं तयार ठेवतो, त्याला शॅडो टेबल म्हणतात. परतताना एल१ची रजिस्टर बाजूला ठेवायची, एल२ची भरायची, टायमर आणि इंटरप्ट बदलायचे आणि शॅडो टेबल लावायचं.

पाचवी, पत्ता आणि अवस्था भरून एल० स्वतःचा, खरा ईरेट देतो.

प्रोसेसर जे एका सूचनेत करायचा ते आता शेकडो सूचनांत होतंय, आणि तरी एल१ला ते अखंडच दिसलं पाहिजे. म्हणून लिनक्सच्या केव्हीएममध्ये या अदलाबदलीपुरतं दुसऱ्या कामाला मध्ये घुसू देत नाहीत. पत्ता एल२चा आणि टेबल एल१चं, अशा अर्धवट अवस्थेत गाडी सुटली, तर विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम तुमच्या हायपरव्हायझरची मेमरी वाचेल. पत्र रायगडला जाणं एक वेळ परवडलं.

(श्रोत्यांमधून प्रश्न: एवढं सगळं दर वेळी केलं तर मशीन रखडणार नाही का?)

रखडतं. एल२चं एक एक्सेप्शन आलं की ते एल०कडून एल१कडे जातं, आणि एल१ ते हाताळताना ईएल२ची रजिस्टर पुन्हापुन्हा वाचतो-लिहितो. व्ही८.३मध्ये त्यातला जवळजवळ प्रत्येक स्पर्श अडायचा. म्हणजे एकाचे कित्येक झाले. २०१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या जिनटॅक लिम आणि सहकाऱ्यांनी 'नीव्ह' नावाच्या शोधनिबंधात उपाय सुचवला: यातली बरीच रजिस्टर एल१ने मेमरीतल्या एका पानावर वाचावी-लिहावी, अडवूच नये. व्ही८.४मध्ये तशी सोय आली.

पण गंमत बघा, त्यानंतरही ईरेट अडवलाच जातो. रजिस्टरमध्ये लिहिणं म्हणजे नुसती नोंद. ती पानावर राहू शकते. ईरेट दिला की ती नोंद अंमलात येते, आणि अंमलबजावणीच्या जागी पहारा काढता येत नाही. तरी एक आडवाट आहे. एल१ स्वतःकडेच किंवा स्वतःच्याच साध्या प्रोग्रॅमकडे परतत असेल, तर कर्जत बदलत नाही. मग चौथी पायरी गाळता येते. केव्हीएम तेच करतं.

(प्रश्न: हे फक्त आर्मवरच का?)

नाही. इंटेलवरही एल१ने 'पाहुण्याला सुरू कर' म्हटलं की ते एल०कडेच येतं. आयबीएमच्या इस्रायलमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये 'टर्टल्स' प्रकल्पात ते करून दाखवलं. आर्मवर लिनक्सला वेळ लागला: पहिले पॅच २०१७ च्या सुमाराचे, आणि वापरणाऱ्यांच्या हाती सोय आली ती २०२५ मध्ये, ६.१६ आवृत्तीत. मधली वर्षं बहुतेक अशाच कानाकोपऱ्यांत गेली. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचा 'औम' प्रोसेसरही आर्मच्या गाभ्यांवर आखलेला आहे, तेव्हा हा विषय आपल्यापासून फार दूरचा समजू नका.

घरी गेल्यावर केव्हीएमचा हा भाग उघडून वाचा, फार मोठा नाही. वाचताना चारच प्रश्न विचारा: चिठ्ठी कुणी लिहिली? पातळी कुणी तपासली? सही कुणी तपासली? आणि पत्ता कुठल्या कर्जतचा? चारही उत्तरं सापडली तर तुम्हाला तो कोड कळला. पुढच्या वेळी शॅडो टेबल कसं तयार होतं ते बघू.