निकाहाची कॅसेट, घरच्या घरी डीव्हीडीवर

कपाटाच्या वरच्या फळीवर, रजयांच्या मागे, व्हिडिओ कॅसेटचा एक खोका बहुतेक घरांत असतो. भाईजानचा निकाह, आपाची रुखसती, आणि त्यातच कुठेतरी मरहूम दादाजान हात उठवून दुआ करताना. त्यांचा आवाज बाकी कुठेच उरलेला नाही. फीत मात्र हळूहळू खराब होत असते. कोकणातल्या दमट हवेत तर तिच्यावर पांढरी बुरशी चढते.

कॅसेटची डीव्हीडी करून देणारी दुकाने आहेत. तरी आमच्या माहितीतल्या कित्येक घरांतला खोका हलत नाही, आणि कारण पैशाचे नसते. मेहंदीच्या रात्रीचे चित्रण घरच्या बायकांमध्येच झालेले असते. ते दुकानातल्या मुलांनी तीन तास पडद्यावर पाहावे, एखादी प्रत तिथेच राहावी, हे कोणाला रुचेल? म्हणून डीव्हीडी रेकॉर्डरचा विचार आम्ही टीव्हीवरच्या मालिकांसाठी नव्हे, या खोक्यासाठी करतो.

रेकॉर्डर तीन तऱ्हांचे निघत असत: साधा, व्हीसीआर जोडलेला आणि हार्ड डिस्क असलेला. व्हीसीआर जोडलेला सोयीचा दिसतो, पण एक भाग बिघडला की सगळेच यंत्र दुरुस्तीला जाते. घरचा व्हीसीआर चालू असेल, तर थोडे जास्त पैसे घालून हार्ड डिस्कवालाच घ्यावा, असे आमचे मत आहे. सगळी कॅसेट आधी हार्ड डिस्कवर उतरवायची, मग तिचे तुकडे करायचे. निकाह, खुत्बा आणि वलीमा एका डिस्कवर, ती कोणालाही द्या. मेहंदीची डिस्क वेगळी, ती अम्मीच्या कपाटात. साध्या यंत्रावरही हे जमते. फक्त योग्य जागी रेकॉर्डिंग थांबवायला कोणीतरी समोर बसावे लागते.

जोडणी अवघड नाही. व्हीसीआरच्या आउटपुटमधून रेकॉर्डरच्या इनपुटमध्ये पिवळी वायर चित्राची, लाल-पांढरी आवाजाची. त्याआधी कॅसेटच्या कडेची प्लॅस्टिकची छोटी पट्टी तोडून टाका, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही रेकॉर्ड होणार नाही. फीत एकदा शेवटपर्यंत पुढे पळवून परत मागे आणा. बुरशी दिसली तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालूच नका. हेड खराब होते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही तो मळ लागतो.

तीन तासांची कॅसेट उतरायला तीनच तास लागतात, त्यात घाई चालत नाही. 4.7 जीबीच्या डिस्कवर एसपी मोडमध्ये दोन तास मावतात, एलपीमध्ये चार, ईपीमध्ये सहा. एका डिस्कची बचत करायला सहा तासांचा मोड लावू नये. गर्दीत कोणी हलले की चेहऱ्यांचे चौकोन होतात, आणि चेहऱ्यांसाठीच तर हा खटाटोप. दोन डिस्क लागू द्या. पहिली खटपट आरडब्ल्यू डिस्कवर करा, ती पुसता येते. कायमची प्रत डीव्हीडी-आरवर. लोडशेडिंगची वेळ टाळा, मधेच वीज गेली तर चालू रेकॉर्डिंग हातचे जाऊ शकते.

शेवटी डिस्क ‘फायनलाइज’ करायची. हे राहिले की डिस्क आपल्या यंत्रावर छान चालते आणि मुलीच्या सासरच्या प्लेअरवर उघडतच नाही. फायनलाइज झालेल्या डीव्हीडी-आरवर मग काही वाढवता येत नाही, म्हणून आधी नीट पाहून घ्या. घरी केलेल्या डिस्कला रीजनची अडचण नसते. दुबई-कुवेतलाही आपल्यासारखीच पाल पद्धत आहे, तिथे ती चालेल. अमेरिकेत एनटीएससी पद्धत आहे, तिथल्या प्लेअरवर मात्र अडू शकते.

प्रती दोन करा, दुसरी वेगळ्या घरात ठेवा. डिस्कवर बॉलपेनने लिहू नका, कागदी लेबल चिकटवू नका. मऊ टोकाचे मार्कर पेन वापरा. मूळ कॅसेटही टाकू नका.

तीन तास बसायचेच आहे, तर मेहंदीच्या कॅसेटला दादींना शेजारी बसवा आणि हातात वही घ्या. कोपऱ्यात ढोलकी वाजवणारी कोण, दुल्हनच्या मागे उभी असलेली कोणाची सून, हे आता त्यांनाच ठाऊक आहे. नाव आणि पडद्यावरची वेळ लिहून घ्या, आणि ती यादी त्याच डिस्कच्या डबीत ठेवा.