नाडणे म्हणजे फसवणे नव्हे

'शेतकऱ्याला नाडलं' असं वाचलं की बहुतेकांना त्यात फसवणूक दिसते. ते बरोबर नाही. फसवणाऱ्याला समोरच्याचं अज्ञान लागतं, नाडणाऱ्याला त्याची गरज पुरते. 'मला फसवलं आणि कळलंही नाही' हे वाक्य सरळ आहे. त्यात 'नाडलं' घालून पाहा, लगेच कानाला खटकेल. नाडल्या जाणाऱ्याला सगळं दिसत असतं, फक्त नाही म्हणायची सोय नसते. पडणे-पाडणे, गळणे-गाळणे, तशीच नडणे-नाडणे ही जोडी मराठी कान लावतो. पैशावाचून एकाचं नडतं आणि ते हेरून दुसरा नाडतो. (पोरांच्या हल्लीच्या बोलीत 'नडणे' म्हणजे भिडणे. शब्दाने चांगलीच कूस बदलली!)

हिंगोलीच्या हळदीवर हा फरक घासून पाहावा. मे-जूनमध्ये लावलेलं बेणं आठ-नऊ महिने जमिनीत असतं. मग काढणी, शिजवणं, वाळवणं, ढोलात घालून पॉलिश. तोवर नुसता खर्च. गाठीला चार पैसे असलेला शेतकरी भाव पडला की पोती राखून ठेवतो. पुढे भाव आणखी उतरला तर त्याचा तोटा होतो, पण त्याला कोणी नाडलेलं नसतं. ज्याच्या घरात दवाखाना चालू आहे, त्याला ते ठाऊक असलेल्याने उभ्या पिकावर उचल दिली आणि माल पडत्या भावात बांधून घेतला, तर मापात किलोभरही न मारता तो नाडला गेला.

यावर विचारतात, जबरदस्ती कुठे झाली? आणि अडीनडीला पैसे देणाराच नसता तर? दुसरा प्रश्न रास्त आहे. वाजवी व्याजाने पैसे देणं म्हणजे नाडणं नव्हेच. पहिला प्रश्न मात्र तकलादू आहे. 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने' हे शब्द खरेदीखतात ठरलेलेच असतात, नाडलेल्याच्याही. कायदासुद्धा त्यांवर डोळे झाकून विसंबत नाही. 1946 चा मुंबई सावकारी अधिनियम जाऊन 2014 साली महाराष्ट्राचा नवा कायदा आला. कर्जापोटी सावकाराने बळकावलेल्या जमिनीचं खरेदीखत चौकशीअंती अवैध ठरवून ती मूळ मालकाला परत देता येते, अशी तरतूद त्यात आहे. त्यासाठी अर्ज सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधक कार्यालयात करायचा असतो.