रक्तातला आकडा आणि अंगावरचे इसब

गेल्या महिन्यात शेजारच्या गावातून एक जोडपे चार वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलाच्या कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत इसबाचे चट्टे होते, खाजवून खाजवून कातडी जाड झाली होती. पण आईने आधी पोर नव्हे, कागद पुढे केला. "डॉक्टरसाहेब, आयजीई अठराशे आलंय. पोराला काही मोठं तर नाही ना?"

घाबरून घरच्यांनी दोन महिने दूध, अंडी, शेंगदाणे सगळे बंद केले होते. इसब होते तसेच राहिले. वजन मात्र दीड किलोने उतरले होते!

वाचकहो, हा आकडा म्हणजे काय ते समजून घेऊ. आयजीई हे रक्तातले एक प्रतिद्रव्य. १९६६ च्या सुमारास इशिझाका या जपानी दांपत्याने ते अमेरिकेत शोधून काढले. दमा, सर्दीची अ‍ॅलर्जी आणि या प्रकारचे इसब, म्हणजे अ‍ॅटोपिक डर्मटायटिस, असणाऱ्या बहुतेकांत ते वाढते. बहुतेकांत म्हटले, सर्वांत नव्हे. काही रुग्णांचे आयजीई अगदी सामान्य असते आणि इसब मात्र असते. उलट पोटात जंत असले तरी आयजीई वाढते. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींचेही तसेच. आपल्याकडे जंत किती घरांत असतात, हे मी सांगायला नको.

मग आकड्यावरून आजाराची तीव्रता कळते का? शेकडा रुग्ण एकत्र पाहिले तर तीव्र इसबात आयजीई व इओसिनोफिल सरासरीने जास्त आढळतात. पण समोर बसलेल्या एका मुलाबद्दल त्यावरून खात्रीने काही सांगता येत नाही. इसब बरे झाले तरी आयजीई महिनोन् महिने चढेच राहू शकते. त्यामानाने 'टार्क' नावाचे रक्तातले प्रथिन आजाराबरोबर लवकर चढते-उतरते. जपानमध्ये २००८ पासून ही तपासणी विम्यात बसते. आपल्याकडे मात्र ती नेहमीच्या वापरातली नाही.

तीव्रता कातडीवरूनच ठरते. अंगाचा किती भाग व्यापला आहे, लाली, सूज, ओल व जाडी किती, खाज किती आणि रात्रीची झोप किती मोडते, हे पाहायचे. १९९३ साली युरोपातील तज्ज्ञांनी याच गोष्टींना गुण देऊन 'स्कोरॅड' ही मोजणी तयार केली. म्हणून मी आईला विचारले, "रात्री किती वेळा उठतो?" ती म्हणाली, "झोपतोच कुठे?" माझ्या दृष्टीने अठराशेपेक्षा हे उत्तर मोठे होते.

दूध-अंडी पूर्वी त्याला बाधत नव्हती. तरीही अ‍ॅलर्जी असलेल्या मुलात बरेच दिवस बंद ठेवलेला पदार्थ घरी एकदम सुरू करू नये. म्हणून दवाखान्यात बसवून थोडे थोडे देऊन पाहिले. उपचार साधेच दिले. कोमट पाण्याने थोडक्यात आंघोळ, अंग टिपून लगेच भरपूर व्हॅसलीन, पुन्हा रात्री एकदा. लाल चट्ट्यांवर ठरावीक दिवस सौम्य स्टिरॉइड मलम. नखे कापलेली, कपडे सुती. दुकानातून विचारून आणलेले तीन औषधांचे मिश्र मलम बंद.

पदार्थ खाल्ल्यावर तास-दोन तासांत अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली किंवा धाप लागली, तर मात्र थांबू नका. तसेच इसबावर पू किंवा पाण्याचे फोड येऊन ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

तीन आठवड्यांनी मूल आले. रात्रभर झोपते, वजन अर्धा किलो वाढले. वडिलांनी विचारले, "आता परत रक्त तपासायचं का?"

मी म्हटले, "त्या पैशांचं व्हॅसलीन आणा."