शिरोरेषेला पडलेला झोळ

त्या वर्षी भाद्रपद संपत आला होता आणि एका दिवाळी अंकाची शेवटची प्रुफं माझ्याकडे होती. दुपारी खिडकीपाशी बसून वाचत होते. एका कथेच्या मध्यावर ओळींच्या शिरोरेषेला झोळ पडलेला दिसला. दोन टोकांना सरळ आणि मध्ये ओल्या कपड्यांनी दोरी वाकावी तशी खाली आलेली. मी समासात खूण केली आणि पुढे गेले. पुढच्या पानावरही तोच झोळ, तोही मी जिथे पाहत होते तिथेच.

मी १९७८ साली पुण्यातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधनाच्या कामाला लागले, तेव्हा खिळ्यांचा जमाना होता. फर्मा नीट आवळला नाही की ओळ हलायची, शिरोरेषेचे तुकडे खालीवर व्हायचे, आणि आम्ही ते कंपोझिटरला दाखवून द्यायचो. त्या सवयीने मी डीटीपी करणाऱ्या मुलीला फोन केला, ओळ वाकतेय म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "काकू, संगणकावरची ओळ कशी वाकेल? इथे सरळ आहे." तिचं बरोबर होतं. मी चष्म्याला दोष दिला. कोपऱ्यावरच्या दुकानात नंबर बदलून घेतला, अंकाचं काम पुरं केलं, आणि बाकी सगळं दिवाळीनंतर बघू म्हटलं. वयाच्या मानाने मोतीबिंदू आला असेल, पिकला की काढू, हा आपल्या घरोघरी चालणारा हिशेब मीही केला. त्या हिशेबात सहा आठवडे गेले आणि त्यांची किंमत माझ्या डाव्या डोळ्याने मोजली.

खरं काय ते दिवाळीच्या फराळाच्या वेळी कळलं. चिवड्याची फोडणी उडाली, उजव्या डोळ्याजवळ शिंतोडा आला म्हणून तो डोळा मी हाताने झाकला. ओट्यामागच्या पांढऱ्या फरशा एकट्या डाव्या डोळ्याने पाहिल्या, तर त्यांच्या रेघा मधोमध गोळा झाल्या होत्या, कापडात दोरा ओढून चुण्या पाडाव्यात तशा. चुण्यांच्या मध्ये एक करडा डाग होता. हात काढला, फरशा सरळ. परत झाकला, परत चुण्या. मी गॅस बंद केला आणि तिथेच स्टुलावर बसले.

एवढे दिवस हे लक्षात का आलं नाही, याचं उत्तर माझ्याच धंद्यात होतं. मुद्रितशोधकाचा मोठा शत्रू म्हणजे त्याचं स्वतःचं मन. कागदावर 'महाराष्टात' छापलेलं असतं आणि मन 'महाराष्ट्रात' वाचून मोकळं होतं. जे असायला हवं ते वाचतं, जे आहे ते वाचत नाही. दोन डोळ्यांच्या बाबतीतही मेंदू असाच वागतो. एका डोळ्याचं चित्र बिघडलं की दुसऱ्याच्या चांगल्या चित्रावरून तो दुरुस्त्या करून टाकतो आणि आपल्याला सांगतही नाही. म्हणून मला झाला तसला आजार एका डोळ्यात महिनोन्महिने लपून राहू शकतो. घाईत चूक सुटू नये म्हणून आम्ही पुढच्या ओळींवर कार्ड ठेवून एकेक ओळ उघडी करत वाचायचो. डोळ्यांचंही तेच. एक झाकल्याशिवाय दुसऱ्याची चूक सापडत नाही.

डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टर वयाने माझ्या सुनेएवढ्या. बाहुली मोठी करणारे थेंब घातले, अर्धा तास बसवलं, मग ओसीटी नावाची तपासणी केली. सोनोग्राफीत आवाजाचे पडसाद घेतात, इथे प्रकाशाचे घेतात. डोळ्याला काही लागत नाही, हनुवटी टेकवून एका खुणेकडे पाहायचं, आणि पडद्याचा उभा छेद संगणकावर उमटतो. हे तंत्र १९९१ साली अमेरिकेतल्या एमआयटीतल्या संशोधकांनी जगापुढे मांडलं. माझ्या आईच्या वेळी ते नव्हतं. आईकडे मी पुढे येते.

डोळ्याच्या आतल्या मागच्या बाजूला जो पडदा असतो, दृष्टिपटल, त्याची जाडी मिलिमीटरच्या पावभागाएवढी. त्याच्या मध्यावर मॅक्युला नावाचा भाग असतो, साधारण ५ मिलिमीटरचा, आंबेमोहोराच्या दाण्याच्या लांबीएवढा. वाचणं, सुई ओवणं, चेहरा ओळखणं, हे सगळं त्या दाण्यावर चालतं. त्याच्याही अगदी मध्यावरची जागा इतकी छोटी की वाचताना एका वेळी चारपाच अक्षरंच खरी स्वच्छ दिसतात. बाकीची ओळ आपण नजर उड्या मारत गोळा करतो. डोळ्याच्या कडांना मात्र हा आजार हात लावत नाही. म्हणूनच त्याने सहसा पूर्ण आंधळेपण येत नाही, आणि हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं म्हणून मी त्यांची ऋणी आहे.

माझ्या आजाराचं नाव वयपरत्वे होणारं मॅक्युलर डीजनरेशन. पडद्याखालच्या थरात वर्षानुवर्षं ड्रुसेन नावाचे पिवळट कण साठतात आणि वरच्या पेशींची निगा राखणारा थर थकत जातो. हा झाला कोरडा प्रकार. तो बहुतेकांना असतो आणि सावकाश चालतो. काहींच्या डोळ्यात खालून नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात. त्या पाझरतात, पाणी आणि रक्त पडद्याखाली साचतं. हा ओला प्रकार, आणि तो आठवड्यांच्या हिशेबात नुकसान करतो. माझा डावा डोळा ओला, उजवा कोरडा.

मग रेघ का वाकते? डॉक्टरांनी ओसीटीच्या चित्रावर बोट ठेवून दाखवलं. काळ्या पट्टीसारखं पाणी होतं आणि त्यावर पडदा उचललेला, ओल्या जमिनीवरच्या लिनोलियमसारखा. पडद्यावरच्या प्रत्येक पेशीची जागा मेंदूला जन्मापासून पाठ असते. पेशी जागची हलली तरी मेंदू तिचा निरोप जुन्या पत्त्यावरूनच आला असं धरतो. म्हणून सरळ ओळीचे निरोप चुकीच्या जागी मांडले जातात आणि ओळ वाकते. पेशी एकमेकींपासून दूर ताणल्या गेल्या, तर वस्तू लहानही दिसते. माझ्या डाव्या डोळ्याला आजही अक्षर उजव्यापेक्षा थोडं बारीक दिसतं, बारा पॉइंटच्या जागी दहा पॉइंट घातल्यासारखं.

रेघा वाकण्याची कारणं आणखीही आहेत. पडद्यावर पातळ साय धरून ती आकसते, मॅक्युलाला भोक पडतं, मधुमेहाने तिथे सूज येते, आणि चाळिशीच्या आसपास, विशेषतः पुरुषांना आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांना, पडद्याखाली पाणी साचतं. उपचार प्रत्येकाचे वेगळे. घरी बसून यातलं कोणतं ते कुणालाच ओळखता येणार नाही. वाकडी रेघ दिसली की पडद्याच्या डॉक्टरांकडे जायचं, त्याच आठवड्यात.

डोळ्यात इंजेक्शन म्हटल्यावर माझे हात गार पडले होते, म्हणून ते कसं असतं ते नीट सांगते. आधी बधिर करणारे थेंब, मग पोव्हिडोन आयोडीन, पापण्या उघड्या ठेवणारी छोटी कमान. डॉक्टर म्हणतात, "वर बघा काकू," आणि बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटरवर, पांढऱ्या भागात, केसासारखी सुई जाते. औषध ०.०५ मिलिलिटर, म्हणजे थेंबभर. सुई मला दिसली नाही, दाब जाणवला. त्या रात्री आयोडीनमुळे डोळ्यात वाळू गेल्यासारखं चुरचुरलं, आणि नजरेच्या तळाशी एक काळा गोल बुडबुडा डुलत राहिला. डोळ्यात गेलेली हवा वर चढते, पण पडद्यावर चित्र उलटं पडत असल्याने ती आपल्याला खाली दिसते. दोन दिवसांत बुडबुडा विरला. जंतुसंसर्गाचा धोका फार थोडा, पण तो झाला तर गंभीर. इंजेक्शननंतर दुखणं वाढलं, डोळा लाल झाला, नजर उतरली, तर सकाळची वाट पाहायची नसते.

या औषधामागे एक गोष्ट आहे. नव्या रक्तवाहिन्या फुटायला शरीरातलं एक प्रथिन लागतं, त्याला व्हीईजीएफ म्हणतात. नेपोलिओने फेरारा या शास्त्रज्ञाने १९८९ मध्ये ते वेगळं काढलं. कर्करोगाची गाठ वाढते तीही नव्या रक्तवाहिन्यांच्या जोरावर, म्हणून त्या प्रथिनाला अडवणारं बेव्हॅसिझुमॅब २००४ मध्ये आतड्याच्या कर्करोगासाठी आलं. पुढच्याच वर्षी डॉक्टरांनी ते थेंबभर डोळ्यात देऊन पाहिलं आणि पाझर आटला. खास डोळ्यासाठी बनवलेलं रॅनिबिझुमॅब २००६ मध्ये बाजारात आलं, पण फार महाग. २०११ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत दोन्हींचा नजरेवरचा परिणाम सारखाच निघाला. पेन्शनीवर जगणाऱ्या माणसाने डॉक्टरांना संकोच न करता विचारावं की माझ्यासाठी स्वस्त पर्याय कोणता. मी विचारलं, आणि त्यांनी अर्धा तास देऊन समजावलं.

पहिली तीन इंजेक्शनं महिन्याच्या अंतराने झाली, नंतर पाण्याकडे बघून अंतर वाढवत नेलं. सध्या दहा आठवड्यांनी एक. डावा डोळा तक्त्यावर ६/३६ पर्यंत उतरला होता, तो ६/१८ वर आला. झोळ गेला नाही, उथळ झाला. सहा आठवडे आधी गेले असते तर तो आणखी उथळ असता का, हे डॉक्टरांनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

उजव्या डोळ्यासाठी जीवनसत्त्व क आणि ई, ल्युटिन, झिआझँथिन, जस्त आणि तांबं असलेली गोळी आहे. मध्यम टप्प्याच्या कोरड्या प्रकारात ती आजार पुढे सरकण्याचा धोका कमी करते, पण गेलेली नजर परत देत नाही. ज्यांना हा आजार नाही त्यांनी ती घेऊन आजार टळतो असं दिसलेलं नाही, हे मी शेजारणींना नेहमी सांगते. आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी ती सोडावी. आपल्या हातात असलेल्या कारणांमध्ये तंबाखूचा धूर सगळ्यांत वरचा.

आता आईचं. १९८८-८९ च्या सुमारास आई शेवटच्या वर्षांत तांदूळ हाताच्या स्पर्शाने निवडायची, आणि आमच्याशी बोलताना आमच्या कानाकडे बघायची. आम्हाला वाटायचं ती रागावली आहे, नजर टाळते आहे. वडिलांनी एकदा तिला तसं बोलूनही दाखवलं. म्हातारपण म्हणून तो विषय आम्ही सोडून दिला. कमी दिसणाऱ्यांना शिकवणाऱ्या ताईंनी मला कडेच्या नजरेचा सराव द्यायला सुरुवात केली तेव्हा मला आई आठवली. चेहऱ्याकडे थेट पाहिलं तर डाग चेहऱ्यावर पडतो, नजर जरा बाजूला, कानाकडे नेली की चेहरा डागाबाहेर येतो. आई आमच्याकडेच बघत होती. तिने ते कुणी न शिकवता शोधून काढलं होतं.

माझ्या घरात काही गोष्टी बदलल्या. भात गडद निळ्या ताटलीत वाढते, कारण पांढऱ्यावर पांढरं मला सापडत नाही, आणि स्टीलच्या ताटाची चमक डोळ्यात खुपते. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी आहे. कपात चहा ओतताना किटलीचं तोंड कपाच्या काठाला टेकवते. दिवा मागून किंवा समोरून नको, खांद्याच्या बाजूने हवा. जिन्यात भेटणाऱ्यांना मी स्वतःच सांगून टाकलंय की मी ओळख दाखवली नाही तर नाव घेऊन हाक मारा. एक बाई त्याआधी चार महिने माझ्याशी अबोला धरून होत्या.

तिन्हीसांजेला कधी समोरच्या भिंतीवर बारीक जाळीची नक्षी दिसते, एकदा फेटेवाल्या लहान मुलांची रांग दिसली. मी घाबरून दोन आठवडे कुणाला बोलले नाही. भ्रम झाला म्हणतील, ही भीती. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी नाव सांगितलं, शार्ल बॉने सिंड्रोम. स्वित्झर्लंडच्या बॉने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांच्या अशाच अनुभवांची नोंद केली होती. डोळ्याकडून निरोप कमी आले की मेंदू रिकामी जागा स्वतःच्या चित्रांनी भरतो. वेडाशी त्याचा संबंध नाही. घरातली म्हातारी माणसं असं काही सांगू लागली तर त्यांना गप्प करू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा.

कामाचं मात्र सुटलं. फोन मराठी मजकूर वाचून दाखवतो, मी कथा-कादंबऱ्या तशाच ऐकते आणि त्यात मला आनंद आहे. पण कानाने प्रूफ तपासता येत नाही. 'कवि' आणि 'कवी' फोन एकाच सुरात म्हणतो, वेलांटी चुकली हे फक्त डोळ्याला कळतं. आता उजव्या डोळ्याने, संगणकाच्या पडद्यावर अक्षर बोटभर मोठं करून, मी दिवसाला चार पानं तपासते. पूर्वी साठ व्हायची. त्या चार पानांत चूक सुटत नाही.

फ्रिजच्या दारावर एक चौकोनी जाळी चिकटवली आहे. मार्क आम्स्लर या स्विस नेत्रतज्ज्ञांची ही कल्पना, गेल्या शतकाच्या मध्यापासून जगभर वापरात आहे. १० सेंटिमीटरचा चौकोन, त्यात ४०० घरं, मध्ये ठिपका. वाचायचा चष्मा लावून, फूटभर अंतरावरून, एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं आणि न हलता रेघा तपासायच्या. सोमवारी सकाळी दूध तापत ठेवलं की मी उजवा डोळा तपासते. जाळी नसेल तर खिडकीचे गज चालतात, दाराची चौकट चालते.

हा आजार घराण्यात उतरू शकतो, म्हणून मी कोल्हापूरच्या धाकट्या भावाला फोन केला. तो ६६ वर्षांचा आहे. म्हटलं, खिडकीपाशी जा आणि गज बघ.

"सरळ आहेत की सगळे," तो म्हणाला.

"कुठल्या डोळ्याने बघितलेस?"

"दोन्ही."

"एकेक झाक."

थोडा वेळ फोनवर नुसता रस्त्याचा आवाज आला. मग त्याने उजव्याचं सांगितलं, मग डाव्याचं. दोन्हीकडून सरळ होते. तो फोन ठेवणार तेवढ्यात थांबला आणि म्हणाला, "अक्का, आई आपल्या कानाकडं बघायची, आठवतंय?"

मी हो म्हटलं. आणि त्याला पुढच्या सोमवारी परत बघायला सांगितलं.