शाळा कुठली?

ग्लासगो

आपल्या गोंदियात नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न, "पूर्ण नाव?" नुसतं नाव सांगून सुटका नाही, आडनावापर्यंत यावंच लागतं. इथे न्हाव्यानं केस ओले करता करता विचारलं, "शाळा कुठली?" मी म्हटलं, नगरपालिकेची. त्याची कात्री क्षणभर थांबली.

उलगडा नंतर झाला. 1918च्या कायद्यापासून स्कॉटलंडमध्ये कॅथलिक शाळा सरकारी खर्चानं, पण वेगळ्या चालतात. शाळेच्या नावात 'सेंट' आलं की माणूस कॅथलिक, म्हणजे बहुधा सेल्टिक या फुटबॉल क्लबचा. नसेल तर प्रोटेस्टंट, म्हणजे प्रतिस्पर्धी क्लब रेंजर्सचा. सेल्टिक हा क्लब 1887मध्ये ब्रदर वॉलफ्रिड या धर्मबंधूनं काढला तो गरीब आयरिश पोरांच्या जेवणाला पैसे जमावेत म्हणून. त्याचं पुढे असं झालं की मॅचच्या दिवशी कित्येक पबच्या दारावर पाटी असते: क्लबचे रंग घालून आत येऊ नये.

या सगळ्यात भरडला गेला फुटबॉलपटू नील लेनन. उत्तर आयर्लंडमधल्या लर्गनचा, कॅथलिक. लेस्टर सिटीकडून खेळत होता तोवर देशाच्या संघात त्याचा धर्म फारसा कुणाला खुपला नाही. तसा 1982च्या विश्वचषकातला त्या संघाचा कप्तान मार्टिन ओ'नीलही कॅथलिकच. याच ओ'नीलनं सेल्टिकचा मॅनेजर झाल्यावर डिसेंबर 2000मध्ये लेननला तिथे आणलं. दोन-तीन महिन्यांत, नॉर्वेविरुद्ध बेलफास्टच्या विंडसर पार्कवर, स्वतःच्याच देशाचे प्रेक्षक त्याच्या पायाला चेंडू लागला की हुर्यो उडवू लागले. माणूस तोच, धर्म तोच. बदलली होती फक्त जर्सी. म्हणून याला निव्वळ धर्माचं भांडण म्हणायला माझं मन घेत नाही.

ऑगस्ट 2002मध्ये सायप्रसविरुद्ध तो कप्तानी करणार होता. त्याच दिवशी बेलफास्टच्या बीबीसीत फोन आला: मैदानात उतरला तर जिवाला मुकेल. तो घरी परतला आणि देशासाठी पुन्हा खेळलाच नाही. 40 सामन्यांवर हिशेब संपला.

लेनन स्वतः सेल्टिकचा मॅनेजर झाल्यावर तर 2011मध्ये त्याच्या नावानं टपालातून गोळ्या आल्या, मग स्फोटकांची पार्सलं. पार्सलवाल्या दोघांना पाच-पाच वर्षं झाली. मे महिन्यात एडिनबराच्या टाइनकासल मैदानावर एक प्रेक्षक थेट त्याच्या अंगावर धावून गेला. साऱ्या देशानं ते टीव्हीवर पाहिलं. तरी धर्मद्वेषातून हल्ला केल्याच्या आरोपावर ज्युरीचा निकाल आला, 'नॉट प्रूव्हन'. दोषी आणि निर्दोष यांच्या मधला हा खास स्कॉटिश निकाल, 2026मध्ये बंद झालेला: आरोपी सुटायचा, पण संशय राहायचा. शांतताभंगासाठी मात्र त्या प्रेक्षकाला आठ महिन्यांची शिक्षा झाली. 2012मध्ये सरकारनं मैदानावरच्या द्वेषाविरुद्ध कायदा केला, 2018मध्ये तो रद्दही झाला.

आपण हसायचं कारण नाही. मुंबईत हिंदू, पारशी, मुस्लिम असे संघ पाडून क्रिकेट खेळत होतो, ते 1946पर्यंत.

परवा पुन्हा केस कापायला गेलो. या वेळी मीच विचारलं, "तुमची शाळा कुठली?" त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि रेडिओचा आवाज वाढवला.